तीस दिवसांची नोटीस

मावशी लॉन्ड्रीत डाग काढायचं काम करी. कपडा उजेडात धरला की डागाची सात पिढ्यांची माहिती सांगे. घरीही तोच खाक्या. तिच्या दारावर बसायची माशीचीसुद्धा छाती नव्हती.

बहीण वारल्यावर मेहुणा दोन वर्षांच्या मुलीला मावशीच्या घरी बसवून “पाच मिनिटांत आलो” म्हणून गेला. त्या पाच मिनिटांना सहा वर्षं झाली. ना पत्र, ना फोन. उद्या तो उगवला आणि पोरीला घेऊन निघाला, तर कायद्यानं मावशीला ब्रसुद्धा काढता आला नसता. म्हणून तिनं कोर्टात अर्ज केला: बापाचे हक्क संपवा, पोर माझ्या हवाली करा.

त्याआधी बापाला नोटीस देणं भाग होतं. माणूस सापडत नसेल, तर ती त्याच्या शेवटच्या पत्त्यावर तीस दिवस चिकटलेली राहायला हवी. तो शेवटचा दिसला मावशीच्या घरी, म्हणून शेवटचा पत्ता मावशीचाच. बेलीफ आला आणि उघड्या दारात मावशीसमोर उभा राहून त्यानं मेहुण्याच्या नावानं तीनदा हाक मारली. मावशीनं तो इथे नसल्याचं नम्रपणे सांगितलं. ते आपल्याला ठाऊक आहे, पण हाक मारल्याशिवाय तसं लिहिता येत नाही, असं म्हणून त्यानं दाराला भरपूर खळ फासून नोटीस चिकटवली.

आठव्या दिवशी तो तपासायला आला, तर दार आरशासारखं लख्ख. मावशीनं सवयीनं सकाळीच घासलं होतं. मोजणी पुन्हा एकपासून. दुसऱ्या खेपेला तिनं बारा दिवस कळ काढली. मग एक कोपरा सुटला, तो सरळ करायला म्हणून हात गेला आणि कागद मुळासकट निघाला.

“मेहुण्याला वाचवताय का, बाई?” बेलीफनं विचारलं.

हे मात्र मावशीला झोंबलं. तिसऱ्या खेपेला पोरीनं सूत्रं हाती घेतली. घासणी शेजारणीकडे ठेवायला दिली आणि मावशीला डोळे मिटून घरात यायला लावलं. उंबऱ्याला ठेचकाळून मावशीची बोटं सुजली. दाराची ती कळा बघून शेजारीण दोनदा तब्येतीची चौकशी करून गेली. पण तीस दिवस भरले. मेहुणा काही फिरकला नाही.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला आणि काही विचारायचं आहे का, असं पोरीला विचारलं.

“मला न्यायला कोणी आलं तर?”

“तर आधी मावशीची परवानगी घ्यावी लागेल.”

पोर मावशीकडे वळली. “मग तू नाही म्हण हं.”

मावशीनं जोरजोरात मान डोलावली, आणि हेही लिहून घ्या म्हणून कारकुनाकडे बोट केलं.