पूजा झालेल्या प्लेटीला पाना

मंडळी, आत्ताच राजूरहून आलो. मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

शेजारच्या शेठनी कोळसा वाहायला ट्रेलर घेतला. त्याला ओढणाऱ्या मोटारीला आम्ही घोडा म्हणतो. घोड्याच्या चासीवर बोल्टांनी बसवलेल्या लोखंडी प्लेटीवर सगळा ट्रेलर अडकलेला असतो. सकाळी तिला शेंदूर लावला, नारळ फोडला. घोडा जरा हलला आणि मला प्लेट वाजलेली ऐकू आली.

"शेठ, बोल्ट ढिले हायेत. पाना लावू द्या."

"पूजा झाल्यावर पहिल्या खेपेआधी लोखंडाले पाना लावत नाहीत, भाऊ. अपशकून असते."

"अन् खेपेत प्लेटच निघाली तं?"

"तुमची जीभच वाईट," म्हणून शेठ हसले. लोकही हसले.

पहिल्याच उतारावर प्लेट उखडली. ट्रेलर मागून केबिनवर चढला. ड्रायव्हर शेषरावचा पाय गेला.

दवाखान्यात तो शेठचा हात धरून म्हणाला, "मालक, माफ करा. मी आंघोळ न करता गाडीत बसलो होतो. त्याच्यानंच झालं."

"सांगत जा ना बाबू आधी," शेठ म्हणाले.

मी शेषरावचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आलो. तुम्ही असता, तर शेठसमोर त्याला बोल्टांचं सांगितलं असतं का?