मालकांचं टिंब

काष्टीच्या चौकात आमच्या मालकांचं फ्लेक्सचं दुकान होतं. कॉम्प्युटरवर मी बसायचे आणि माझ्या मागे खुर्ची टाकून मालक. वाढदिवस असो, बारसं असो की श्रद्धांजली, छापायला सोडण्याआधी ते हमखास म्हणायचे, "टिंब बघ गं!" टिंब म्हणजे अनुस्वार. ते सुटलं की मालकांचा जीव खालीवर व्हायचा.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सबाबत त्यांचा आणखी एक हट्ट होता. फोटो हसराच पाहिजे! लोक आणायचे आधार कार्डावरचा, ज्यात धडधाकट माणूसही गेल्यातच जमा दिसतो. मालक त्यांना चहा पाजायचे आणि परत पिटाळायचे. "रडायला आख्खं गाव हाय की. त्यांना तरी हसू द्या." गिऱ्हाईक कुरकुरत जायचं आणि कुठल्यातरी लग्नातला हसरा फोटो घेऊन यायचं.

गेल्या महिन्यात मालकच गेले. आता श्रीगोंद्यात माझं स्वतःचं दुकान आहे, तेही त्यांनीच मागे लागून काढायला लावलेलं. मालकांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा फोन आला, "दहाव्याचा फ्लेक्स तूच कर, बाई." आणि माझी पंचाईत झाली. हा माणूस कॅमेऱ्यासमोर कायम खांबासारखा ताठ! काकूंनी पाठवलेल्या एकाही फोटोत हसू नाही. तसला फोटो मालकांच्याच फ्लेक्सवर लावायला माझा जीव होईना.

शेवटी माझ्याच मोबाईलमध्ये एक सापडला. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा. त्या दिवशीचा फ्लेक्स मालकांनी हौसेनं स्वतः करून आणला होता, आणि टांगल्यावर बघतो तर काय, "शुभारभ"! जन्मभर दुसऱ्यांची टिंबं हुडकणारे मालक काकूंसमोरच पोट धरून हसले होते.

श्रद्धांजलीत फोटोतला तो मागचा शब्द कसा ठेवणार? कापला आणि निळं आभाळ टाकलं. 'श्रद्धांजली'वरचं टिंब पुन्हा पुन्हा तपासलं. मागून आवाज येईल म्हणून उगाच थांबले, आणि मग मात्र खूप रडले.

दहाव्याला चौकात काकू बराच वेळ फ्लेक्सकडे बघत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "टिंबालाच हसत्यात न्हवं?"

"व्हय काकू."

त्यांनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, हुंदका आला. त्यांना आवरायला म्हणून मी जवळ गेले, आणि मलाही हसू आवरेना.