झाडांच्या आतलं घर

कॅनडातल्या सपाट गवताळ मुलखात समोरून वारा सुटला, की सायकल चालत नाही, ढकलावी लागते. पन्नाशी उलटल्यावर सायकलला तंबू बांधून भटकायचा शहाणपणा माझाच; बायकोला मी ओढलेलं. दिवसभरात झाडं दिसली ती एकाच जागी, चौकोनात लावलेली. आडोशाला आत शिरलो, तर मधोमध नुसत्या दगडी पायऱ्या. वर घरच नाही. घराला वारा लागू नये म्हणून कुणीतरी लावलेली झाडं अजून वारा अडवत होती.

मी पायरीवर अंग टाकलं. "आता इथेच मरतो."

"वास्तूत असं बोलू नये हो. ती तथास्तु म्हणते."

"अगं, वास्तू आहे कुठे? पायऱ्या म्हणणार का तथास्तु?"

ती हसली नाही. "इथंही कुणी वैतागून म्हणालं असेल, नको हे घर."

सांगलीचं घर विकून लेकीकडे इकडेच कायमचं यायचं का, ते त्याच संध्याकाळी लेकीला कळवायचं होतं. माझं ठरलं होतं. हिचं नव्हतं. वाटलं, घरं वाऱ्याने पडत नसावीत. आधी कुणीतरी दमून एक वाक्य बोलत असावं.

फोन वाजला. "बाबा, काय ठरलं?"

ही त्या परक्या पायऱ्यांवरचा पाचोळा हाताने झाडत होती. तिथे मला बोलवेना. फोन घेऊन मी झाडांबाहेर गेलो आणि हळूच म्हणालो, "विकू या."

वाऱ्यात लेकीला ऐकू जाईना. शेवटी ओरडून सांगावं लागलं.