वाळत घातलेलं इंजिन

इंजिन खळ्यावर ताडपत्री टाकून वाळत घातलं होतं. शेजारी पुरात भिजलेली ज्वारी पसरलेली, आणि ज्वारीच्या कडेला आठ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. धोंडीबा भोई मला मोठ्या हौसेनं दाखवत होता.

"तीन दिस झाले, मिस्तरी. सोच्छ पान्यानं धुतलं, कडक ऊन दिलं. आता बिलकुल कोरडंय."

मी कपाळावर हात मारला.

ही गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. आष्टीला माझं इंजिन रिपेअरिंगचं दुकान होतं. काम सगळं विहिरीवरच्या पंपाचं. धोंडीबा मामाची नाव गोदावरीवर चालायची. आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात. वल्ही मारून त्याचे खांदे गेले, तेव्हा विहिरीवरचंच एक इंजिन मी त्याच्या नावेत बसवून दिलं होतं. मागून शाफ्ट काढला, त्याला पाण्यातला पंखा जोडला. दोन वर्षं बिनतक्रार चाललं.

मग गंगा चढली. नाव घाटाला आखूड दोरानं बांधलेली. पाणी वर आलं, दोर काही लांबला नाही. नावेचं तोंड खाली दाबलं गेलं आणि नाव भरून बुडाली. दोन दिवस इंजिन पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर गावानं बैल लावून नाव ओढली, इंजिन बाहेर काढलं आणि धान्य वाळवतात तसं वाळवलं. भिजलं की उन्हात टाकायचं, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"हँडल फिरतं का?" मी विचारलं.

"फिरंना. म्हनून काल हँडलला पाइप घालून चौघांनी जोर केल्ता."

"पाइप घातला? आतलं काही वाकलं तर कोण सरळ करणार, तुम्ही?"

धोंडीबाची बायको गयाबाई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "म्या म्हनत होते, मिस्तरी येऊ द्या. पर माझं कोन ऐकतंय!"

इथं थोडं समजावून सांगतो. इंजिन पाण्यात बुडलेलं असतं तोवर त्याला हवा फारशी लागत नाही, म्हणून गंज हळू चढतो. बाहेर काढलं की खरी गडबड सुरू होते. वरून कोरडं दिसतं, पण आत ओल असते, आणि आता हवाही असते. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला लायनर म्हणतात. ओला पिस्टन आणि लायनर दोन-तीन दिवस ठेवले की एकमेकांना धरून बसतात. म्हणून इंजिन बाहेर काढलं की लगेच खोलायचं. खोलणारा हजर नसेल तर पाण्यातच राहू द्यायचं.

"किती दिस लागतील?" धोंडीबानं विचारलं.

"चार तरी."

"माझ्याकडं दोनच हायेत."

घाटाचा ठेका ग्रामपंचायतीचा होता. नाव सलग आठ दिवस बंद राहिली की ठेका रद्द, असं कागदावर लिहिलेलं. आज सहावा दिवस होता. पलीकडच्या गावचा एकजण गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, बसवून माणसं नेत होता, तो टपूनच बसला होता. ठेका गेला तर धोंडीबाच्या घरात दुसरं काही नव्हतं. ना जमीन, ना जनावर, एक म्हैस सोडली तर.

मी हत्यारं काढली. ऑईल सोडलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. वरचं झाकण म्हणजे हेड खोललं. लायनरला आतून तांबूस साय धरलेली, पिस्टन जाम. डिझेल आणि ऑईल ओतून रात्रभर भिजत ठेवलं. सातव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत दुपारी पिस्टन सुटला. नशीब, वाकलं काही नव्हतं. पण पिस्टनवरच्या रिंगा गेल्या होत्या, आणि डिझेलच्या पंपात गाळ जाऊन उन्हानं भाजून निघाला होता. पंपातला दट्ट्या केसाएवढ्या फटीत चालतो. तिथं गाळ वाळला की माझ्या हातचं काम राहत नाही. पंप पिशवीत घातला आणि एस.टी.नं जालना गाठलं.

तिथले पंपवाले सलीमभाई पंप बघून म्हणाले, "मिस्त्री, इसको भट्टी में डाला था क्या?"

"उन्हात वाळवलंय."

"मंग कल शामको आव. जल्दी नको करू."

आठव्या दिवशी संध्याकाळी पंप मिळाला, नव्या रिंगा आधीच घेतल्या होत्या. शेवटची गाडी निघून गेली होती. नवव्या दिवशी दहाला घाटावर पोचलो, इंजिन जोडून नावेत बसवलं आणि दोन वाजता हँडल मारलं. काळा धूर, मग पांढरा, मग ठक-ठक-ठक. धोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ग्रामसेवक सायकलवरून आले.

"धोंडीबा, काल संध्याकाळीच ठराव झाला."

"साहेब, नाव चालू झाली की! हे बगा!"

"आठ दिवस म्हणजे आठ दिवस. माझ्या हातात काय आहे?"

मी भांडलो. काही उपयोग झाला नाही. मला फार वाईट वाटलं, एका दिवसानं गेलं. धोंडीबा मात्र "तीन दिस म्याच वाळू घातले," एवढंच म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

घरी जाताना मला आठवलं. इंजिन बसवलं तेव्हा ऑईल कधी बदलायचं, हँडल कसं मारायचं, सगळं मी सांगितलं होतं. बुडालं तर काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं. नावेवर बसवलेलं इंजिन बुडू शकतं, हे मिस्त्रीला सुचायला पाहिजे होतं.

वर्षभर त्यानं दुसऱ्यांच्या विहिरींवर ते इंजिन चालवून पोट भरलं. पुढच्या लिलावात ठेका परत मिळाला. इंजिन पुन्हा नावेत बसवताना ते राहून गेलेलंही मी त्याला सांगितलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात दोर लांब होता, पण वाहत आलेल्या ओंडक्यानं नाव उलटवली. निरोप आला, तसा दुसऱ्या दिवशी मी पोचलो. खळ्यावर इंजिन नव्हतं.

"इंजिन कुठंय?"

धोंडीबा मला गोठ्याकडे घेऊन गेला. म्हशीच्या पाण्याचा सिमेंटचा हौद काठोकाठ भरलेला, आणि इंजिन त्याच्या तळाला. चार-पाच माणसं उभी राहून हसत होती.

"बुडालेलं इंजिन वर काढलं अन् पुन्यांदा बुडवलं! मामाचं डोस्कं फिरलंय," एकजण म्हणाला.

"दोन दिस झाले, म्हस गंगेवर न्यावी लागून राह्यली," गयाबाई म्हणाली, पण तीही हसत होती.

"शाब्बास मामा," मी म्हणालो. "काढा बाहेर."

धोंडीबा हौदाला पाठ लावून उभा राहिला.

"आदी हत्यारं मांडा. डिझेल वता. मंग काढतो."

मी मुकाट्यानं हत्यारं मांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव पलीकडच्या घाटाला लागली. ठेका राहिला. तेव्हापासून नावेवर इंजिन बसवून दिलं की हँडलच्या आधी मी हौदाचं सांगतो.