करीमचाचांची राणी आणि माझे शिकारी पक्षी

छापखान्यात विस्कटलेले अक्षरांचे खिळे एका खोक्यात टाकत जातात, फुरसतीने लावू म्हणून. ती फुरसत कधी येत नाही. किस्सेही असेच साचतात. साठ सालच्या आसपास मी यवतमाळच्या एका साप्ताहिकात वार्ताहर होतो, त्या खोक्यातले हे चार. लोक ते चुकीचे सांगत फिरतात, म्हणून मीच लिहितो.

प्रेसच्या परसात कडुलिंब होता आणि त्याखाली कंपोझिटर करीमचाचांची कबुतरे. त्यातली पांढरी मादी राणी म्हणजे चाचांचा जीव. मी कॉलेज शिकलेला, म्हणून आकाशात काही फिरले की ते खिळे सोडून मला हाक मारायचे. "साहेब, हे कोन होय? राणीले सोडू का नको?"

*

पहिला पक्षी प्रुफात गुंडाळलेली माझी भजी उचलून गेला. मी म्हणालो, गरुड!

संपादक नानासाहेबांनी चष्मा वर केला. "विष्णूला सोडून गरुड आपल्या भज्यांवर कधी आला? घार आहे ती."

प्रूफ नानासाहेबांच्या अग्रलेखाचे होते. हळहळ मात्र सगळ्यांना भज्यांची.

*

दुसरा पांढुरका, लाल डोळ्यांचा, मागच्या तुरीच्या शेतावर हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला. मी ससाणा ठरवला, चाचांनी राणीला कोंडले. जाहिरात द्यायला आलेला घाटंजीचा एक शेतकरी हसला. "कापशी होय ते. उंदरं खाते. तिले भेता कायले?"

त्या वर्षी आमचा कागद उंदरांनी कुरतडला होता. असे कामाचे कोणीतरी ऑफिसात हवे, असे नानासाहेब माझ्याकडे बघून म्हणाले.

*

तिसऱ्या वेळी मी नीट पाहिले. राखी पाठ, पट्टेरी शेपटी. शिक्रा! 'शहरात शिक्रा, कबुतरवाल्यांनी सावध राहावे' अशी बातमीच छापली. आठ दिवस राणी खुराड्यात.

"पंख आखडून राह्यले तिचे," चाचा रोज सांगायचे.

नवव्या दिवशी शिक्र्याने कडुलिंबावर बसून चोच उघडली आणि अख्ख्या प्रेसला बजावले, "पेरते व्हा! पेरते व्हा!"

रूप शिक्र्याचे, पण अळ्या खाऊन जगणारा पावशा! मशीनमनला हसून हसून ठसका लागला. मी पुढच्या अंकात प्रामाणिकपणे लिहिले, 'तो पावशा आहे, निर्धास्त राहावे.'

*

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर तोच पक्षी. चाचा खुराड्याच्या दाराला हात लावून थांबले. "साहेब, पक्कं?"

मी चिडलो. "छापलंय ना मी? सोडा."

राणी उडाली. पक्षी काही न बोलता सरळ तिच्यावर झेपावला. चाचांनी हातातली खिळे जुळवायची स्टिक फेकली, खिळे परसभर उडाले, पांढरी पिसे आमच्या डोक्यावर पडली. चाचा खाली वाकले. खिळे वेचून आत गेले.

दोन्ही पक्षी किती सारखे दिसतात यावर मी दीड कॉलम खुलासा लिहून चाचांकडे दिला. अंक आला तेव्हा त्या जागी एवढेच होते :

'शुद्धिपत्र : आमच्या वार्ताहरांनी ज्यास शिक्रा म्हटले, तो पावशा होता. ज्यास पावशा म्हटले, तो शिक्रा होता. राणी जिवंत आहे, शेपटी नाही. बाकी मजकूर बरोबर आहे.'