खोबरेल प्यालेला पट्टा आणि हेदवीचं स्थळ

हेदवीला जायचंय? आता जयगडला फेरीबोटीत गाडी घाला, तवसाळला उतरा, संपलं. पन्नासच्या दशकात आम्हाला मात्र रत्नागिरीहून चिपळूण आणि तिथून गुहागरकडे असा अख्खा वळसा पडला होता. निघालो होतो माझ्यासाठी मुलगी बघायला. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आला होता, हे तिसरं. मुलीच्या वडिलांनी कळवलं होतं, बाराच्या आत या, तीनला दुसरे पाहुणे येताहेत.

गाडी भाऊकाकांची. जुनीपानी, पण काकांचा जीव तिच्यावर. वाटेत इंजिनाच्या पंख्याचा पट्टा कुईकुई करायला लागला. चिपळूणला पोहे खाऊन झाल्यावर काकांनी त्याला डब्यातलं खोबरेल चोपडलं. डोक्याला, गुडघ्याला, दाराच्या बिजागरीला, आमच्याकडे सगळ्यालाच खोबरेल! कुईकुई थांबली. "बघ! मेकॅनिक हवाय कशाला?" काका म्हणाले.

मार्गताम्हाण्यापुढच्या चढावर पट्टा तुटला आणि गाडीचं पाणी उकळायला लागलं. मी घड्याळ बघून रडकुंडीला आलो. शेवटी काकांच्या रेशमी उपरण्याला पीळ देऊन पट्ट्याच्या जागी गाठ मारली आणि थांबत थांबत शृंगारतळी गाठली. उपरण्याचं पार पोतेरं झालं.

तिथले मेकॅनिक हसनभाई पूर्वी बोटीवर इंजिनात कामाला होते. त्यांनी तुटका पट्टा हुंगला. "तेल पाजलंत काय, काका? साधं रबर तेल पितं नि फुगतं." मग त्यांनी फळीवरून दुसरा काढला. "ह्यो बनावटी रबराचा. कारखान्यात रसायनांतून करतात. तेलाला, तापाला सहसा दाद देत नाय."

"बनावटी?" काका ताडकन उठले. "आमच्या गाडीला अस्सलच माल लागतो!"

साडेअकरा वाजले होते. मी हात जोडले. "काका, माझं लग्न अस्सल व्हायला हवं असेल, तर बनावटी बसवा हो!"

हसनभाई हसता हसता खालीच बसले. पट्टा बसवल्यावर त्यांनी बजावलं, "ह्यालाबी तेल नको, घसरेल. कुईकुई केली तर ताण बघा."

हेदवीला पोचलो साडेबाराला. मुलीचे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणत, ओटीवर आठ्या घालून बसलेले. काका लगेच सुरू झाले, "वाटेत गाडी बिघडली, पण आमच्या बाळनं स्वतःच्या हातानं दुरुस्त केली!"

मी गारच पडलो. दादा म्हणाले, "वा! मग आमचा वाडीतला पंप बघा की. आठवडाभर बंद आहे."

चहापोह्यांआधी माझी वरात पंपाकडे! मागून सगळं घर, मुलगीसुद्धा. पंपाच्या पट्ट्याला हात लावला तर बुळबुळीत.

"ह्याला खोबरेल कोणी लावलं?" मी विचारलं. दादा माडाकडे बघायला लागले.

"तेलानं रबर फुगतं. नवा पट्टा घाला, बनावटी रबराचा," मी ऐटीत म्हणालो.

"आणून ठेवतो. बसवायला तुम्ही या."

आता मात्र मेलो! "दादा, मला येत नाही. गाडीसुद्धा हसनभाईंनी दुरुस्त केली. मी नुसता पाना धरला होता."

काकांनी डोळे मिटले. मुलगी फिस्सकन हसली आणि पदरात तोंड लपवून पळाली. मला ती फार आवडली होती, म्हणून तर जास्तच वाईट वाटलं.

घरी येऊन मी पाय धुतले आणि आईला सांगून टाकलं, हेही गेलं.

चार दिवसांनी दादांचं पत्र आलं. स्थळ पसंत होतं. खाली एक ओळ होती: "कन्येचं म्हणणं पडलं, तीनला आलेल्या मुलाला सगळंच येत होतं."