गादीवर कुणी आडवं का होईना

माझी नणंद प्रदर्शनांसाठी स्टॉल आखून देते. सांगाडा सुतार उभा करतो, पडदे-चादरी मी शिवते आणि ही लोकांना प्रश्न विचारत हिंडते. तिला बघायला आलेल्या मुलालासुद्धा हिने विचारलं होतं, "एवढ्या खुर्च्या सोडून तुम्ही हीच डुगडुगणारी का निवडलीत?" तो पुन्हा फिरकला नाही. ही आजही म्हणते, निदान उत्तर तरी देऊन जायचं!

तर तिच्याकडे एक गादीवाल्या बाई आल्या. छोटा कारखाना, माल अस्सल. पण प्रदर्शनात मांडला की लोक यायचे, एका बोटाने गादी दाबायचे आणि चालू पडायचे.

"या खेपेला मोठी ऑर्डर नाही मिळाली तर आमचे यजमान कारखान्याची शेड भाड्याने देणार," बाई म्हणाल्या. "भाडेकरू बघूनसुद्धा ठेवलाय त्यांनी. तुम्ही पाटी एवढी मोठी करा की दारातून दिसली पाहिजे."

"पाटीचं राहू द्या. लोक आडवे का होत नाहीत?"

"मला काय माहीत! लाजत असतील."

"कशाला लाजतात पण?"

झालं! आता ही मुळापर्यंत जाणार, हे मी ओळखलं.

दुसऱ्याच दिवशी मला कारखान्यात नेऊन तिने फर्मान सोडलं, "वहिनी, झोप बघू."

"इथं? या सगळ्यांसमोर?"

"झोप गं!"

अंग चोरून पडले मी एकदाची.

"आधी कुठं पाहिलंस?"

"पायांकडे. मोजा फाटलाय माझा. माझी पिशवी कुठंय तेही दिसत नाहीये. आणि तू अशी डोक्यावर काय उभी? मी आजारी आहे का?"

"आणि वर काय दिसतंय?"

"जळमटं!"

मी चिडले की हिला आनंद होतो. घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होती.

मग तिने स्टॉल आखला. गादी अशा उंचीवर की बसता-उठताना गुडघे कुरकुरायला नकोत. पायांच्या बाजूला अर्धी भिंत, म्हणजे फाटके मोजे जगाला दिसणार नाहीत. पिशवीची खुंटी डोळ्यांसमोर. पायांवर घ्यायला पातळ पांघरूण, ते मी शिवलं. विकणाऱ्याला बसकं स्टूल, कारण त्याने झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. आणि वर छताला, झोपल्याशिवाय नीट दिसणारच नाही असं भलंमोठं चित्र. गादी मधोमध कापली तर आत काय दिसेल त्याचं. कापसाचे थर आणि ते जागच्या जागी धरून ठेवणारे हाताचे टाके.

"आणि पाटी?"

"बाहेर आहे की. छोटी."

बाईंचा पारा चढला. "माझंच नाव लपवायला मी तुम्हाला बोलावलं का?"

खरं तर मलाही तेच वाटत होतं. घरी आल्यावर हिला चांगली फैलावर घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लोक नुसतेच पुढे जात होते. बाईंचा चेहरा एवढासा झाला होता. मी मनातल्या मनात नणंदेचा उद्धार करत होते. तेवढ्यात एक दमलेली बाई थांबली. गादीसाठी नाही हो, खुंटीसाठी! पिशव्या अडकवल्या, टेकली, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ आडवी झाली. गादीवाल्या बाई बोलायला पुढे सरकल्या, तर नणंदेने त्यांचा हात धरला.

खूप वेळाने ती बाई म्हणाली, "हे एवढं सगळं आत असतं होय?"

तिला बघून दुसरी आडवी झाली, मग तिसरा. दुपारी तर लोक थांबून राहायला लागले. एका मोठ्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईही त्यांच्यात होत्या, सगळ्या खोल्यांसाठी गाद्या बघत होत्या.

नेमके तेव्हाच बाईंचे यजमान उगवले. संध्याकाळी भाडेकरूला शब्द द्यायचा होता म्हणे. आल्या आल्या विचारलं, "पाटी कुठंय?"

"तुम्ही कधी झोपलाय का यावर?" माझ्या नणंदेला राहवतंय होय!

"आम्ही? घरात जुनीच आहे. नव्या विकायला असतात."

"मग झोपा की."

कुरकुरत झोपले. वर बघितलं. छतावरून त्यांची नजर हलेना.

"हे टाके कोण घालतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे."

इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाला हे माहीत नव्हतं! मला राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला बोलू.

"अहो, आम्हालाही बघू द्या," रेक्टरबाई मागून म्हणाल्या.

"उठा आता," बाईंनी नवऱ्याला सांगितलं. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

ते उठले. बूट चढवले. आता भाडेकरूकडे निघतात, असंच मला वाटलं. पण त्यांनी ते बसकं स्टूल पुढे ओढलं, त्यावर टेकले आणि रेक्टरबाईंना म्हणाले, "पिशवी तिथं अडकवा. हां, आता वर बघा. ते टाके आहेत ना, ते आमच्या हिच्या हातचे."